बंदराला चोर मिळेना

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार. गुडघ्यांचं कसं काय? मागच्या पत्रात तुमचा डावा दुखत होता आणि त्याच्या आधीच्या पत्रात उजवा. निदान ते पाळीपाळीने दुखतात, एकदम संपावर जात नाहीत, असं आम्ही समाधान मानून घेतलं आहे. मामींना सांगा, त्यांचं पत्र आईला पोचलं. तुरुंगाधिकारी म्हणून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्ही झोपायच्या आधी घरातली माणसं मोजता, आणि मागच्या महिन्यात स्वतःला धरायला विसरल्यामुळे एक माणूस कमी भरला म्हणून शेजाऱ्यांनाही उठवलंत, हे वाचून आईला इतकं हसू आलं की ते पत्र तिने चष्म्याच्या घरात ठेवलं आहे आणि येईल त्याला वाचून दाखवते. (तुमची बदनामी व्हावी असा तिचा हेतू नाही. आपल्याला भाऊ आहे, एवढं सांगायला तिला काहीतरी निमित्त लागतं.) बाकी इकडे सगळं जागच्या जागी आहे. मी बरा आहे, आई बरी आहे, आणि लहान्या बरा आहे असं तो म्हणतो.

तो तसं का म्हणतो हे सांगायचं तर भिंतीपासून सुरुवात करावी लागेल. तुम्ही शेवटचे आलात तेव्हा आपण सगळे बंदरावर फिरायला गेलो होतो, आणि समुद्रात लांबवर गेलेली दगडी भिंत पाहून तुम्ही म्हणाला होतात की असली भिंत तुमच्या तुरुंगाला असती तर तुम्ही दुपारी निवांत झोपला असता. त्या भिंतीला आता मधोमध भगदाड पडलं आहे. भिंतीचं काम लाटा बाहेर ठेवायचं. ती फुटल्यापासून लाटा आत येतात आणि नेमक्या बंदराच्या तोंडाशी आडव्या होतात. मोठ्या जहाजांना त्याचं काही वाटत नाही. पण जहाज आत आणायला वाट दाखवणारा माणूस लागतो, त्या माणसाला जहाजापर्यंत न्यायला पायलट बोट लागते, आणि त्या बोटीवर दोर धरून उभा राहायला तुमचा धाकटा भाचा लागतो. मागच्या वादळी दिवसांत अशाच एका आडव्या लाटेने बोट कलली, लहान्या कठड्यावर आदळला आणि गळ्याजवळचं हाड मोडून बसला. हाड जुळलं, पण हात अजून खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालताना तो आमच्याकडे पाठ करतो, आम्हाला दिसू नये म्हणून. आणि रोज त्याच भगदाडासमोरून जातो, कारण दुसरी वाट नाही. बोट परत येईपर्यंत आई गच्चीवर वाळलेले कपडे काढत असते. इतके कपडे आमच्याकडे नाहीत, मामा. मला भीती वाटते. घरात मी हे कोणाला बोलून दाखवत नाही, तुम्हाला लिहितो.

तर हे भगदाड बुजवायला सरकारने पैसे दिले. दिले म्हणजे मंजूर केले, आणि मंजूर केले म्हणजे दोन हप्त्यांत. अनुदानाचं नाव ‘बंदर सुरक्षा व पायाभूत सुविधा’. नावात सुरक्षा आधी आली म्हणून कामातही ती आधी यावी, असा खात्याने अर्थ लावला. आधी बंदर सुरक्षित करा, ते आम्हाला करून दाखवा, मग भिंतीचे पैसे घ्या. (भिंत कोण चोरून नेणार, असं मी विचारलं होतं. माझा प्रश्न वर कळवण्यात आला आणि वरून ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं.) पहिल्या हप्त्यात बंदराला फाटक आलं. आजवर आपल्या बंदराला फाटक असं नव्हतंच. रस्ता जिथे ओला व्हायचा तिथे बंदर सुरू झालं, असं लोक समजून घेत. आता मोठं लोखंडी फाटक आहे, बटण दाबलं की वर जाणारा तांबडापांढरा दांडा आहे, कॅमेरे आहेत आणि गणवेश आहेत. कॅमेरे बसवणाऱ्याने विचारलं की ते कुठे रोखून लावायचे, तेव्हा फक्त कँटीनच्या मावशी जागेवर होत्या. त्यांनी पहिला दुधाच्या पातेल्यावर लावून घेतला, कारण मांजर येतं. आजपर्यंत गुन्हेगार फक्त त्याच कॅमेऱ्यात सापडला आहे. गणवेश मात्र सगळे एकाच मापाचे आले. ते ज्याला बसतील तो सुरक्षा अधिकारी, असं आमच्या बंदरप्रमुख साहेबांनी जाहीर केलं, आणि जकातीच्या टेबलाशी वर्षानुवर्षं बसून माझं पोट नेमकं त्या मापाला येऊन ठेपलं होतं. अभिनंदन करू नका, पगार तोच आहे.

फाटकावर आम्ही सुभेदारांना नेमलं. ते कुठल्याच सैन्यात नव्हते. मिशांमुळे त्यांना हे नाव पडलं आणि नाव पडल्यामुळे त्यांनी मिशा कधी काढल्या नाहीत. माणूस अत्यंत दक्ष. अडचण एवढीच की या बंदरावर येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या ओळखीचा आहे. नुसती चाल पाहून ते दांडा वर करतात, आणि दांडा वर जाईपर्यंत त्या माणसाच्या वडिलांची तब्येत विचारून घेतात. मी त्यांना ओळखपत्र पाहायला सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. ज्याच्या बारशाचे पेढे खाल्ले त्याच्याकडे तू कोण म्हणून कागद मागायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. शेवटी तोडगा निघाला. ते ओळखपत्र मागतात, पण आधी माफी मागतात.

आता सुरक्षा करून दाखवायची म्हणजे काय, तर खात्याच्या तपासनीस बाईंसमोर एक सराव करायचा. त्यात एक खोटा चोर बंदरात घुसणार, तेलाच्या टाकीपाशी एक खोकं ठेवणार (खोकं रिकामं, पण बाहेर मोठ्या अक्षरांत ‘स्फोटक’ असं लिहिलेलं), आणि त्याने ते ठेवायच्या आत आमच्या लोकांनी त्याला धरायचं. चोर बंदरानेच पुरवायचा. साहेबांनी पुष्कळ विचार करून आमच्या हेडक्लार्कना चोर नेमलं, कारण ते बारीक आहेत आणि कोणाच्या नजरेत भरत नाहीत. ते बिचारे मनापासून तयारीला लागले. काळा मफलर डोळ्यांपर्यंत गुंडाळून भर सकाळी फाटकापाशी आले. सुभेदारांनी दांडा वर केला आणि घसा धरलाय का म्हणून चौकशी केली. पुढे कँटीनच्या मावशींनी त्यांना बळेच बसवून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. तिथून सुटून हेडक्लार्क मालाच्या पेट्यांआड लपत लपत निघाले, तर क्रेनवाल्याने वरून पाहिलं आणि त्यांचं काहीतरी हरवलं असावं असं समजून तो खाली उतरला. मग तो आणि आणखी दोघे जण शोधायला लागले. काय शोधतोय हे कोणी विचारलं नाही. साहेबांच्या हाफिसातला माणूस वाकून चालतोय म्हणजे वस्तू महत्त्वाची असणार, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्या गर्दीतून वाट काढत हेडक्लार्कनी कसंबसं खोकं टाकीपाशी ठेवलं आणि ते परत आले. तपासनीस बाई साहेबांच्या खोलीत पेन उघडून बसल्या होत्या. तेवढ्यात मावशी ते खोकं घेऊन आत आल्या, बाईंच्या समोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “हेडक्लार्क विसराळू झालेत हल्ली. डबा तिकडेच ठेवून आले.”

बाईंनी पेन मिटलं. आणखी एक संधी देते म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला मी कंबर कसली. चूक कुठे झाली ते उघड होतं: चोर ओळखीचा होता. तेव्हा चोर परगावाहून आणायचा, आणि अनोळखी माणूस दिसला की काही न विचारता धरायचा, अशी मी सगळ्यांना एकेकाला गाठून तंबी दिली. साहेबांनी शेजारच्या शहरातून पंखे दुरुस्त करणारा एक तरुण ठरवला. त्याचं येणंजाणं इकडे अजिबात नव्हतं, बंदर त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि बंदरावरच्या कोणी त्याला पाहिलं नव्हतं, असा आमचा समज होता. सगळं काटेकोर झालं होतं. फक्त तो कोणाचा कोण, हे विचारायचं राहिलं. तो सुभेदारांचा जावई निघाला.

मी फाटकासमोरच्या माडीवरच्या खोलीत खिडकीशी होतो, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलं. जावई पिशवी घेऊन फाटकाशी आला. सुभेदार पुढे झाले, त्यांनी हात वर केला, आणि तो हात तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला आणि दुसऱ्या हाताला जोडला गेला. त्यांनी दांडा बटणाने वर केला नाही. स्वतः उचलून धरला. (त्याचं यंत्र तेव्हापासून कुरकुरतं.) जावई भला माणूस. तो खालच्या आवाजात म्हणाला असावा की मी चोर म्हणून आलोय, मला धरा, कारण सुभेदारांनी जीभ चावली आणि आपली खुर्ची त्याला बसायला दिली. जावई आले म्हणून घरी निरोप गेला. जावयाने पुन्हा पुन्हा घड्याळाकडे पाहत सांगितलं की त्याला तेलाच्या टाकीशी जाऊन हे खोकं ठेवायचं आहे. यावर सुभेदारांनी त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, “उन्हाचे तुम्ही कशाला जाता? मी ठेवून येतो.” आणि ठेवून आले. गणवेशात, शिस्तीत, दोन्ही बाजूंना नीट पाहून. त्यांच्यावर ओरडावं म्हणून मी खाली गेलो होतो. पण त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की मी ह्यांचा दंड धरला तर उद्या पोरीला सासरी काय काय ऐकावं लागेल. त्याचं उत्तर सुरक्षा नियमावलीत नाही, मी पाहिलं.

तरीही माझी तंबी अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही. तपासनीस बाई त्या दिवशी टोपी आणि लांब कोट घालून मागच्या बाजूने पाहणीला आल्या होत्या. क्रेनवाल्याला हा माणूस अनोळखी वाटला. त्याने काही न विचारता त्यांना धरलं आणि दोरखंडाच्या कोठारात घालून बाहेरून कडी लावली. आपण खात्याच्या तपासनीस आहोत असं त्या आतून सांगत होत्या, पण चोर तसंच सांगणार, असं मीच तंबी देताना म्हणालो होतो. त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या कोटाला डांबर लागलं होतं. साहेबांनी रॉकेलचा बोळा पुढे केला. मी गणवेशाची टोपी काढून हातात धरली, दुसरं काय करावं ते सुचेना.

बाई रागावल्या नाहीत, हेच जास्त वाईट होतं. त्या धक्क्याच्या कडेला जाऊन डांबर खरवडत उभ्या राहिल्या, आणि त्याच वेळी बाहेरून पायलट बोट परत यायला लागली. वारा होता. भगदाडासमोर आली तशी बोट आडवी झाली, इतकी की आतली फळी न् फळी दिसली, आणि त्या फळ्यांवर एका हाताने दोर धरून लहान्या लटकत होता. दुसरा हात कुठे होता ते मला माहीत आहे. तो वर जात नाही. बाई खरवडायच्या थांबल्या. बोट सरळ झाली, पुन्हा कलली, आणि एकदाची आत आली. बाईंनी विचारलं, हे रोजचंच का? मी हो म्हणालो. तो माझा भाऊ आहे, हेही सांगून टाकलं. खरं तर सांगायला नको होतं, कामात नातं आणू नये. त्यांनी कोटाचा नाद सोडला. मग म्हणाल्या, “अहो, एकदा, फक्त एकदा, कोणाला तरी पकडा हो. मी उभ्या उभ्या सही करते.” पुढच्या महिन्यात त्या पुन्हा येणार आहेत. तो शेवटचा सराव. तेव्हाही जमलं नाही तर आपल्या भिंतीचे पैसे दुसऱ्या एका बंदराला जातील. त्या बंदराची भिंत धडधाकट आहे, पण पहारेकरी माणुसघाणा आहे म्हणतात.

असं सगळं आहे. विशेष काही नाही, तुमची आठवण झाली म्हणून लिहायला बसलो. मामींना नमस्कार सांगा. गुडघ्यांना गरम तेल लावत जा आणि शेजाऱ्यांना झोपू द्या.

तुमचा,
गणवेशातला भाचा

ता. क. काही दिवस इकडे येऊन राहिलात तर बरं वाटेल. समुद्राची हवा गुडघ्यांना मानवते असं डॉक्टर म्हणतात (आमचे नाही, पण म्हणत असतील). येणारच असाल तर पुढच्या महिन्यात या. येताना जुना गडद रंगाचा कोट आणा आणि रबरी तळाचे बूट.

ता. क. २. तुमच्यापासून काय लपवायचं. बंदराला चोर हवा आहे, आणि तो तुम्ही व्हावं अशी विनंती आहे. रागावण्याआधी पुढचं वाचा. बंदरावर तुम्ही एकदाच फिरायला आला होतात, त्यामुळे इथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. तुम्ही इथल्या कोणाचेही जावई नाही. शिवाय आयुष्यभर तुम्ही धरलेल्या माणसांत वावरलात, त्यामुळे धरलं गेल्यावर कसं वागायचं हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? हेडक्लार्कना तो अनुभव नव्हता. फक्त आधी घरी येऊ नका, थेट फाटकावर या. तुरुंगात वर्षानुवर्षं अधिकाराची खुर्ची सांभाळलेल्या माणसाला हे सांगताना लाज वाटते, पण लहान्याचा दुसरा खांदा मला वाचवायचा आहे. खोकं मी देईन.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालायच्या आत आईने वाचलं. त्यानंतर ती कँटीनमध्ये जाऊन आली, म्हणजे आता सगळ्या बंदराला कळलं आहे. मावशींनी विचारलंय, तुम्हाला तिखट चालतं का? क्रेनवाला म्हणतो, गुडघे दुखतात तर मामांना स्टेशनवरून गाडीने टाकीपर्यंत सोडतो. सुभेदार संध्याकाळी घरी येऊन हात जोडून गेले; म्हणाले, ताईंच्या भावाचा दंड माझ्याच्याने धरवणार नाही, मला त्या दिवशी रजा द्या. मी कपाळाला हात लावून बसलो. हे पत्र फाडूनच टाकणार होतो.

ता. क. ४. फाडायचं नाही असं आई म्हणते. सुभेदारांना संकोच वाटत असेल तर ती स्वतः तुम्हाला धरणार आहे. अनुदानात एका महिला रक्षकाची जागा होती, ती अर्जाविना रिकामीच होती, आणि वयाची अट छापायची राहून गेली होती. आजपासून ती जागा भरली. गणवेश तिला ढगळ होतो, बाह्या तिने दुमडून शिवल्या. सकाळपासून तिने दोघांना अडवलं. एक साहेब, दुसरा मी. दोघांनाही ओळखपत्र दाखवावं लागलं. चोर ‘अनोळखी इसम’ असावा असा नियम आहे, तो मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, सख्खा भाऊ असून चार वर्षं बहिणीच्या दारात आलेला नाही, यापेक्षा अनोळखी कुठून आणायचा? तेव्हा या. फाटकावर ती तुम्हाला ओळख दाखवणार नाही, ते मनाला लावून घेऊ नका. जे काही बोलायचं आणि रडायचं आहे ते बाईंची सही झाल्यावर, असं तिने कळवायला सांगितलं आहे. दंड मात्र ती घट्ट धरणार आहे.